चौसष्ट घरांची महासंख्या

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ ही वीस अंकी संख्या प्रथमदर्शनी कोणत्याही मोठ्या संख्येसारखीच वाटते. मात्र बुद्धिबळाच्या दंतकथेपासून आजच्या संगणकापर्यंत ती ठिकठिकाणी भेटते. सतराव्या शतकातील एका नामवंत गणितज्ञाचा अंदाज कोठे चुकला, याचा पुरावा तिच्या अवयवांमध्ये दडलेला आहे. शिवाय ‘दोन सभासद जोडा आणि श्रीमंत व्हा’ असे सांगणाऱ्या योजनांचा फोलपणाही तीच दाखवून देते. दोनाचा चौसष्टावा घात काढून त्यातून एक वजा केला की ही संख्या मिळते. तिच्या गुणधर्मांचा हा परिचय.

पटावरील गहू

बुद्धिबळाच्या खेळावर खूश झालेल्या राजाने तो शोधणाऱ्याला हवे ते मागण्यास सांगितले, ही कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे प्रत्येक घरात आधीच्या घराच्या दुप्पट दाणे ठेवावेत, एवढीच त्याची मागणी होती. कथेतील राजा हिंदुस्थानचा असला, तरी तिच्या जुन्या लेखी नोंदी अरबी ग्रंथांत आढळतात. तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न खल्लिकान याने शोधकाचे नाव सिस्सा असे दिले आहे. त्याच्याही आधी, इ. स. १००० च्या सुमारास, अल् बिरुनीने चौसष्ट घरांची अचूक बेरीज मांडली होती. ती बेरीज म्हणजेच आपली ही संख्या.

एक हजार दाण्यांचे वजन सरासरी ४० ग्रॅम धरले, तर पटाची पहिली ओळ भरते तेव्हा २५५ दाणे, म्हणजे जेमतेम १० ग्रॅम गहू होतो. दुसऱ्या ओळीअखेर तो अडीच किलोंच्या थोडा वर जातो. तिसऱ्या ओळीअखेर सुमारे पावणेसात क्विंटल आणि अर्धा पट भरल्यावर सुमारे १७२ टन होतो. येथपर्यंत राजाच्या कोठाराला धक्का लागत नाही. उरलेल्या अर्ध्या पटाने मात्र हिशेब पार पालटतो. चौसष्टाव्या घराअखेर गव्हाचे वजन सुमारे ७३,८०० कोटी टन होते. अलीकडच्या वर्षांत साऱ्या जगात मिळून गव्हाचे उत्पादन वर्षाला सुमारे ८० कोटी टन आहे. म्हणजे आजच्या वेगाने साऱ्या जगाने नऊशे वर्षांहून अधिक काळ पिकवलेला गहू या एका पटावर लागेल.

या बेरजेचा एक गुणधर्म येथेच लक्षात घ्यावा. कोणत्याही घरातील दाणे हे त्याच्या आधीच्या सर्व घरांतील एकूण दाण्यांपेक्षा बरोबर एकाने अधिक असतात. चौथ्या घरात ८ दाणे असतात आणि आधीच्या तीन घरांची बेरीज ७ होते. त्यामुळे शेवटच्या घरातच निम्म्याहून किंचित अधिक गहू असतो. हा साधा नियम पुढे साखळी योजनांच्या संदर्भात महत्त्वाचा ठरणार आहे.

संख्येचे वाचन

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एककापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या वीस अंकी असल्याने परार्धाच्याही पुढे दोन स्थाने जाते. जुन्या पद्धतीने तिचे वाचन असे होईल : १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी, ९५ लाख, ५१ हजार ६१५. निखर्वाच्या स्थानी शून्य असल्याने ते नाव या वाचनात येत नाही.

इतकी मोठी संख्या काढण्यासाठी दोनाला चौसष्ट वेळा लिहून गुणाकार करण्याची गरज नाही. दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६, त्याचा ६५,५३६ आणि त्याचा ४,२९,४९,६७,२९६. या शेवटच्या संख्येचा पुन्हा वर्ग केला की दोनाचा चौसष्टावा घात हाती येतो. अवघे सहा गुणाकार पुरतात. घात सम असेल तर निम्मा करून वर्ग करावा, विषम असेल तर एक कमी करून गुणावे, या युक्तीची मुळे आपल्याकडे पिंगलाच्या छंदःशास्त्रापर्यंत जातात. लघू आणि गुरू अशा दोन प्रकारच्या अक्षरांपासून तीन अक्षरांचे किती गण होतात, या प्रश्नाचे ‘आठ’ हे उत्तर शाळेत ‘यमाताराजभानसलगं’ पाठ केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते आठ म्हणजे दोनाचा तिसरा घात. सहा अक्षरांच्या चरणासाठी अशाच ६४ रचना होतात.

लीलावतीतील कवड्या

‘लीलावती’त याच जातीचे एक उदाहरण आहे. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि पुढे रोज दुप्पट देण्याचे वचन दिले, तर महिन्याभरात तो किती निष्क देईल? तीस दिवसांची बेरीज २,१४,७४,८३,६४६ कवड्या होते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क या कोष्टकाने त्याचे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या होतात.

या उत्तरात एक मिळवला की २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मिळते. ती मूळ संख्या असल्याचे लेओनार्ड ऑयलरने १७७२ मध्ये दाखवले. संगणक अभियंत्यांनाही ती चांगलीच परिचित आहे. त्याचे कारण पुढे येईलच. इ. स. ११५० मधील या ग्रंथाच्या अध्ययनासाठी भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला.

सात मूळ अवयव

आता संख्येच्या अंतरंगाकडे वळू. दोनाच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ या क्रमाने फिरत राहतात. चौसष्ट या संख्येला चाराने नि:शेष भाग जातो, म्हणून त्या घाताच्या शेवटी ६ येतो आणि एक वजा केल्यावर ५ उरतो. अर्थात संख्येला पाचाने भाग जातो. तिच्या अंकांची बेरीज ८७ आहे. ८७ ला तिनाने भाग जातो, नवाने जात नाही. म्हणून संख्येलाही तिनाने भाग जातो, नवाने नाही.

पूर्ण अवयव काढण्यासाठी शालेय बीजगणितातील एकच सूत्र पुरेसे आहे : दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. दोनाचा चौसष्टावा घात हा बत्तिसाव्या घाताचा वर्ग आहे. म्हणून आपली संख्या ४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७ यांचा गुणाकार होते. पहिल्या अवयवावर हेच सूत्र पुन्हा पुन्हा वापरत गेल्यास ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ हे अवयव मिळतात. हे पाचही मूळ आहेत. दुसरा मोठा अवयव मात्र या सूत्राने फुटत नाही. त्याचे अवयव ६४१ आणि ६७,००,४१७ असे आहेत.

अशा रीतीने या महासंख्येचे सात मूळ अवयव होतात : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. प्रत्येक अवयव एकदाच येतो. विभाजक तयार करताना प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, असे दोनच पर्याय असतात. म्हणून एक आणि खुद्द ती संख्या धरून विभाजकांची संख्या दोनाचा सातवा घात, म्हणजे १२८ होते.

फर्माचा अंदाज आणि ऑयलरचे उत्तर

३, ५, १७, २५७, ६५,५३७ या संख्यांना ‘फर्मा संख्या’ म्हणतात. दोनाचा घात घेऊन त्यात एक मिळवायचा आणि तो घातही १, २, ४, ८, १६ असा दुपटीने वाढवायचा, ही त्यांची रचना. या पाचही संख्या मूळ असल्याचे पाहून पुढील सर्व संख्याही मूळच असतील, असे मत पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये व्यक्त केले. पुढची संख्या होती ४,२९,४९,६७,२९७. जवळजवळ शंभर वर्षे या मताला कोणी छेद देऊ शकले नाही.

१७३२ मध्ये ऑयलरने या संख्येला ६४१ ने नि:शेष भाग जातो, हे दाखवून दिले. त्याने सरसकट भागाकार केले असावेत, असे समजण्याचे कारण नाही. या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवून आलेला असला पाहिजे, असा नियम आहे. तो लावला की तपासायच्या मूळ संख्या उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या प्रयत्नातच अवयव सापडतो.

भागाकार न करताही हे पटवून देता येते. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १. तसेच ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, अर्थात पाचाचा चौथा घात अधिक दोनाचा चौथा घात. पहिल्या मांडणीनुसार ५ आणि १२८ यांच्या गुणाकाराला ६४१ ने भागल्यास ‘उणे एक’ बाकी मानता येते. म्हणून त्या गुणाकाराच्या चौथ्या घाताची बाकी ‘अधिक एक’ येते. १२८ हा दोनाचा सातवा घात असल्याने हा चौथा घात म्हणजे पाचाचा चौथा घात गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात. दुसऱ्या मांडणीनुसार पाचाच्या चौथ्या घाताऐवजी ‘उणे दोनाचा चौथा घात’ ठेवता येतो. तसे केल्यावर उणे दोनाचा बत्तिसावा घात आणि एक यांची बाकी सारखी ठरते. म्हणजेच दोनाच्या बत्तिसाव्या घातात एक मिळवल्यास येणाऱ्या संख्येला ६४१ ने पूर्ण भाग जातो. दोनशे वर्षे नव्हे, पण शतकभर टिकलेला अंदाज चार ओळींत निकालात निघतो.

त्यानंतरची फर्मा संख्या आपल्या महासंख्येपेक्षा फक्त दोनाने मोठी आहे. तिचे २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ हे अवयव लान्द्री या फ्रेंच गणितज्ञाने १८८० मध्ये प्रसिद्ध केले. फर्माला मूळ वाटलेल्या पुढील संख्यांपैकी एकही आजवर मूळ ठरलेली नाही. क्रमांक ५ ते ३२ पर्यंतच्या सर्व फर्मा संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. पाच उदाहरणे पटली म्हणून नियम सिद्ध होत नाही, याचा याहून चांगला दाखला गणितात क्वचितच सापडेल.

बहुभुजाकृतींशी नाते

फर्मा संख्यांचे महत्त्व १७९६ मध्ये वेगळ्याच दिशेने वाढले. केवळ खुणा नसलेली पट्टी आणि कंपास यांच्या साह्याने सतरा समान बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते, हे कार्ल फ्रीडरिश गाउसने दाखवले. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार (किंवा त्यांपैकी एक) असली पाहिजे, हा नियम पुढे १८३७ मध्ये वांत्झेल याने पूर्ण केला. ज्ञात मूळ फर्मा संख्या पाचच असल्याने विषम बाजूंच्या अशा ३१ आकृत्या माहीत आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या आकृतीला ४,२९,४९,६७,२९५ बाजू असतील. हीच संख्या अर्ध्या पटावरील दाण्यांची बेरीज आहे आणि आपल्या महासंख्येचा एक अवयवही आहे.

काशीचा मनोरा

१८८३ मध्ये एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने एक खेळणे बाजारात आणले. तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्या, असे त्याचे स्वरूप होते. एका वेळी एकच चकती हलवायची आणि मोठी चकती लहानीवर कधीही ठेवायची नाही, या नियमांनी सारा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. त्यासोबत पसरलेल्या कथेनुसार काशीच्या मंदिरात ६४ सुवर्णचकत्यांचा मनोरा असून तो पूर्ण हलवला जाईल तेव्हा जगाचा अंत होईल. कथा फ्रान्समध्ये रचली गेली. तिला आपल्याकडील ग्रंथांचा आधार नाही. गणित मात्र अचूक आहे. चकती एकाने वाढली की चाली दुप्पट होऊन त्यात आणखी एकाची भर पडते. म्हणून ६४ चकत्यांसाठी किमान चालींची संख्या हीच महासंख्या येते. दर सेकंदाला एक चाल केली तरी सुमारे ५८,४५० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय आजच्या अंदाजानुसार सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. पुराणांतील ४३२ कोटी वर्षांच्या कल्पात मोजले, तर हा काळ सुमारे १३५ कल्पांचा होतो.

संगणकाची मर्यादा

संगणक सर्व संख्या ० आणि १ या दोनच अंकांत लिहितो. या द्विमान पद्धतीत आपली महासंख्या म्हणजे ओळीने चौसष्ट एके. म्हणून ६४ बिटी जागेत मावणारी ती सर्वांत मोठी पूर्ण संख्या ठरते. अधिक-उणे चिन्हासाठी एक बिट राखून ठेवल्यास ही मर्यादा ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ वर येते. ३२ बिटी जागेत हीच मर्यादा २,१४,७४,८३,६४७ असते. ‘लीलावती’तील कवड्यांत एकच मिळवला की आपण या सीमेवर येतो.

मर्यादा ओलांडली तर काय होते, याचा अनुभव जगाने घेतला आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आसपास नष्ट झाले. ६४ बिटी स्वरूपातील एक मूल्य १६ बिटी पूर्ण संख्येत बसवण्याच्या प्रयत्नात मार्गदर्शन यंत्रणा बंद पडली होती. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याची दर्शकसंख्या ३२ बिटी मर्यादेपलीकडे गेल्याने यूट्यूबला आपली गणकयंत्रणा ६४ बिटी करावी लागली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांबाबत आदेश काढला. विमानाचा वीजपुरवठा सलग २४८ दिवस सुरू राहिल्यास जनित्रांचे नियंत्रण करणारी यंत्रणा बंद पडू शकते, असा तो इशारा होता. सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजल्यास ३२ बिटी गणक साधारण तेवढ्याच दिवसांत भरतो.

पुढची तारीख ठरलेली आहे. अनेक संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात. त्यांपैकी ज्यांत हा आकडा ३२ बिटी आहे, त्यांची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल. त्यानंतर सुधारणा न झालेली यंत्रे ग्रीनिच वेळेनुसार १३ डिसेंबर १९०१ ही तारीख दाखवू शकतील. ६४ बिटी मोजणीत हीच अडचण सुमारे २९,२०० कोटी वर्षे पुढे जाते. नव्या संगणकांत हा बदल झालेला आहे. वर्षानुवर्षे न बदलल्या जाणाऱ्या जुन्या यंत्रसामग्रीतील गणक शोधून बदलणे, हे खरे काम आहे.

एवढी मोठी संख्याही गुप्ततेसाठी अपुरी ठरली आहे. ६४ बिटी किल्लीने बंद केलेला एक सांकेतिक संदेश उलगडण्याचे जाहीर आव्हान १९९७ मध्ये देण्यात आले होते. जगभरातील तीन लाखांहून अधिक स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकांवर किल्ल्या तपासल्या. १,७५७ दिवसांनंतर, जुलै २००२ मध्ये, योग्य किल्ली सापडली. आज १२८ बिटी आणि त्याहून लांब किल्ल्या वापरल्या जातात. किल्ली एका बिटाने लांबली की तपासण्याचे काम दुप्पट होते. मनोऱ्याचा आणि पटाचा तोच नियम येथे रक्षकाचे काम करतो.

साखळी योजनांचे गणित

हाच नियम भक्षकही होऊ शकतो. ‘तुम्ही फक्त दोन सभासद जोडा, त्यांनी प्रत्येकी दोन जोडावेत’ अशी योजना कागदावर निरुपद्रवी दिसते. मुळाशी एक माणूस धरला, तर सव्विसाव्या पायरीअखेर सभासदांची एकूण संख्या १३ कोटी ४२ लाखांवर जाते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. तिसाव्या पायरीअखेर हा आकडा २१४ कोटींपलीकडे जातो. साऱ्या भारतात एवढी माणसेच नाहीत. बुद्धिबळाच्या पटाचा अर्धा भागही भरण्याआधी साखळी तुटणार, हे गणितानेच ठरलेले असते.

त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे साखळी कोणत्याही पायरीवर तुटली, तरी शेवटच्या पायरीवरील सभासद हे आधीच्या सर्व सभासदांपेक्षा एकाने अधिक असतात. पटाच्या शेवटच्या घराचा तो नियम येथे जसाच्या तसा लागू होतो. पैसे भरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना आपल्या खाली एकही माणूस मिळालेला नसतो. योजना चालवणारा प्रामाणिक असो वा नसो, हे प्रमाण बदलत नाही. अशा पैसा-फिरवणुकीच्या योजनांवर देशात १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही नव्या नावांनी त्या येत राहतात, कारण पहिल्या आठ-दहा घरांतील वाढ सर्वांना दिसते आणि उरलेला पट कोणी मोजत नाही. पुढच्या वेळी ‘दुप्पट’ हा शब्द कानी पडला, तर कागद घेऊन तीस वेळा दुप्पट करून पाहावी. दहा मिनिटांचे हे काम आयुष्याची पुंजी वाचवू शकते.

संख्या दृष्टिक्षेपात

* रचना : दोनाचा चौसष्टावा घात उणे एक
* अंक : २०, अंकांची बेरीज : ८७
* मूळ अवयव : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७, ६७,००,४१७
* एकूण विभाजक : १२८
* द्विमान पद्धतीतील रूप : सलग ६४ एके